तपासले, बरोबर आहे

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीकाका म्हणत. हे नाव प्रेमाने पडलं की वैतागून, याचा शोध त्यांनी कधी घेतला नाही. काही गोष्टींचं मूळ शोधू नये, एवढं शहाणपण त्यांच्याजवळ होतं. एकतीस वर्षं ते काचेच्या पार्टिशनमागे लाल पेन घेऊन बसत आणि समोर येईल तो कागद तपासत. शाळांचे अहवाल, औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर, मंडळांची निवेदनं, कवितासंग्रह. पहिली वेलांटी हवी तिथे दुसरी पडली तर ती त्यांना पायात खडा रुतावा तशी रुतायची. एकदा त्यांनी मधमाश्या पाळण्यावरचं तीनशे पानांचं पुस्तक तपासलं. मालकांनी सहज विचारलं, की एका पोळ्यात राण्या किती असतात हो? काका म्हणाले, "राणीतली णी दीर्घ."

म्हणजे नजर घारीची. फक्त ती घार अक्षरांवर बसायची, अर्थापर्यंत उतरायची नाही. हे काकांनाही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा थोडा अभिमानच होता. अर्थात शिरलं की चूक निसटते, असं ते नव्या लोकांना शिकवत.

त्या आठवड्यात डॉक्टरांच्या एका मंडळाचं पत्रक छपाईला आलं होतं. 'सर्दी की फ्लू? वेळीच ओळखा' असं वर ठळक शीर्षक, मधोमध दोन रकान्यांचा रंगीत तक्ता आणि खाली दोन परिच्छेद. डॉक्टर मंडळी दर दोन दिवसांनी काहीतरी बदल सुचवत, त्यामुळे काकांनी ते पत्रक अकरा वेळा वाचलं. अकराव्या प्रुफावर त्यांनी नेहमीप्रमाणे लिहिलं, 'तपासले, बरोबर आहे', खाली सही ठोकली, आणि एक शिंक दिली.

ती पहिली शिंक. दुसऱ्या दिवशी घसा खवखवायला लागला, तिसऱ्या दिवशी नाकातून पाण्याची धार. मंगळवारी सकाळी काका पलंगावर बसून राहिले आणि त्यांनी बॅगेतून पत्रकाची प्रत काढली. तक्त्यात 'फ्लू' या शब्दाखाली लिहिलं होतं: हळूहळू सुरुवात, नाक गळणे, शिंका, घसा खवखवणे, ताप नाही किंवा अगदी कमी. पाचच्या पाच लक्षणं तंतोतंत जुळत होती. तापमापक लावला, तर साडेअठ्ठ्याण्णव. ताप नाही. तेही जुळलं.

"मला फ्लू झालाय," त्यांनी जाहीर केलं.

त्यांची बायको पाळणाघरात काम करायची. दोन ते पाच वर्षांची सव्वीस मुलं, आणि त्यांच्या बावन्न नाकपुड्यांची वर्षभराची वाहतूक तिच्या हाताखालून जायची. तिने बूट घालता घालता नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि सांगितलं की सर्दी आहे, मफलर गुंडाळा आणि कामावर जा. काकांनी तिला तक्ता दाखवायचा प्रयत्न केला, पण तिला उशीर होत होता. ती गेल्यावर ते मनाशी म्हणाले, की नाकं पुसणं वेगळं आणि शास्त्र वेगळं. हे वाक्य पुढे त्यांना बरेच दिवस चावत राहिलं.

मग काकांनी आजारपण रीतसर मांडलं. पलंगाशेजारी स्टूल, स्टुलावर गरम पाण्याचा थर्मास, वाफेचं भांडं, चार रुमाल, बाम आणि एक वही. वहीत दर दोन तासांनी तापमान लिहायचं. ते बिचारं साडेअठ्ठ्याण्णवच्या वर जायला तयार नव्हतं, तरी काका चिकाटीने लिहीत राहिले. मालकांना फोन करून आठवडाभराची रजा घेतली आणि ती घेताना आवाज होता त्याहून खोल काढला. मग लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या मुलीला फोन लावला. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई कशी आहे?" आई बरी आहे म्हटल्यावर तिने फोन ठेवला. काकांना ते लागलं. पण दुपारी त्यांनी लोणी लावलेले चार टोस्ट खाल्ले, आणि फ्लू झालेला असूनही माणूस चार टोस्ट खातो, याचं त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

बुधवार असाच गेला. बायको कामावरून येऊन सूप करायची, वाफेचं पाणी बदलायची, रुमाल धुवायची. पाळणाघरात निम्मी मुलं तापाने गैरहजर आहेत, असं ती सांगत होती. काका त्यावर हं म्हणाले आणि आपलं नाक कालच्यापेक्षा कसं जास्त बंद आहे, ते सांगायला लागले.

गुरुवारी दुपारी बारालाच दाराचा आवाज झाला. बायको आत आली, बूट न काढता सोफ्यावर आडवी झाली आणि तिने हाताला लागेल ती चादर ओढून घेतली. मफलर सावरत काका बाहेर आले. त्यांच्या मनात पहिला विचार काय आला, तर आज सूप लवकर मिळणार. हे त्यांनी नंतर कोणालाही सांगितलं नाही. फक्त स्वतःला सांगितलं, तेही पुष्कळदा.

सकाळी ती ठणठणीत होती. अकराच्या सुमाराला मुलांना गोष्ट सांगत असताना एकदम हुडहुडी भरली, आणि गोष्ट संपेपर्यंत मान वर धरवेना. हाडन्‌हाड दुखतंय, डोळे हलवले तरी डोकं ठणकतंय, असं ती सांगत होती आणि मध्येच कोरडा खोकला येत होता. काकांनी आपल्या खिशातला तापमापक काढला, धुतला आणि तिला लावला. एकशे तीन.

काका लगबगीने खोलीत गेले आणि पत्रक घेऊन आले. एकाएकी सुरुवात, जोराचा ताप, थंडी, अंगदुखी, कोरडा खोकला, कमालीचा थकवा. सगळं एका रकान्यात होतं, आणि त्या रकान्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं 'सर्दी'. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"घाबरू नकोस," ते मायेने म्हणाले. "तुला साधी सर्दी आहे. फ्लू मला झालाय."

बायकोने डोळे उघडले नाहीत. काकांनी तिच्या अंगावर आणखी एक पांघरूण घातलं आणि आपला फ्लू तिला लागू नये म्हणून खुर्ची चांगली चार हात लांब ओढून बसले.

शुक्रवारी सकाळी ती उठलीच नाही. काकांनी स्वतः चहा केला. साखर कुठे असते हे शोधण्यात बराच वेळ गेला, कारण घरात ती नेहमी चहातच सापडायची. कप घेऊन ते तिच्या उशाशी गेले. तिचे ओठ कोरडे पडले होते, श्वास छोटा छोटा चालला होता आणि छातीतून बारीक शीळ ऐकू येत होती. लहानपणापासूनच्या दम्याने अधूनमधून ही शीळ वाजायची. तिने उशीखालचा पंप काढून दोनदा ओढला होता. तिला धीर यावा म्हणून काकांनी तक्ता मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. सर्दी: एकाएकी सुरुवात, जोराचा ताप, थंडी...

"उलटं आहे," ती म्हणाली.

"काय उलटं?"

"नावं. वरची नावं उलटी आहेत. मला फ्लू झालाय."

काकांनी तिला समजावलं. हे पत्रक डॉक्टरांनी लिहिलंय, आपण स्वतः ते अकरा वेळा वाचलंय, त्यात अनुस्वाराचीसुद्धा चूक सापडणार नाही. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. मग कूस बदलत म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

काकांनी कप खाली ठेवला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ही बाई एकदाही 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाली नव्हती. पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे यावर ती दोन महिने भांडली होती आणि जिंकली होती. जी बाई वाद अर्धा सोडून भिंतीकडे तोंड करते, तिच्या अंगात काय चाललं असेल, हे कळायला कुठलाही तक्ता लागत नव्हता.

ते खिडकीशी गेले. चष्मा पुसला. आणि तक्त्याखालचा परिच्छेद एकतीस वर्षांत वाचला नव्हता असा वाचला, म्हणजे पहिलीतल्या मुलासारखा, ओळीखाली बोट धरून. 'सर्दी पावलापावलाने येते आणि मुख्यतः नाकाघशात राहते. फ्लू एकाएकी येतो आणि अख्खं अंग धरतो.' पुढे लिहिलं होतं, की दमा असलेल्यांनी आणि वयस्कर माणसांनी फ्लूची शंका येताच डॉक्टरांकडे जावं, कारण त्यावरचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. तक्ता एक सांगत होता आणि खालचा परिच्छेद बरोबर त्याच्या उलट. काकांनी दोन्ही अकरा वेळा वाचले होते. 'पावलापावलाने' हा शब्द तर तिसऱ्या प्रुफात त्यांनीच जोडून घ्यायला लावला होता.

त्यांनी फोन उचलला, आणि अंगठा आधी मालकांच्या नंबरावर गेला. पत्रक छापून झालं असेल का, ते गेलं असेल का, आपलं नाव... तेवढ्यात आतून खोकला ऐकू आला. काकांना स्वतःची अशी लाज वाटली की कान गरम झाले. त्यांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून उत्तर आलं, लगेच घेऊन या.

टॅक्सीत बायकोचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. मफलर केव्हाच तिच्या गळ्यात गेला होता. आपण आजारी आहोत हे काकांच्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि नाकही, आपल्या मालकाचं लक्ष नाही असं पाहून, गळायचं थांबलं होतं.

दवाखान्याची बाहेरची खोली भरलेली होती. मधल्या टेबलावर त्यांचं पत्रक होतं. गुळगुळीत कागदावर छापलेलं, ताजं, शाईचा वास असलेलं, चांगला वीतभर गठ्ठा. पाचसात जणांच्या हातातही होतं. लोकरी टोपी घातलेले एक गृहस्थ नाक पुसत शेजारच्याला सांगत होते की आपल्याला शंभर टक्के फ्लू आहे. काकांना वाटलं आरशात बघतोय. समोरच एक बाई सहासात वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलीचे गाल तापाने लाल झाले होते आणि ती आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. बाईने पत्रक वाचलं, घडी घातली आणि उठली. स्वागतकक्षातल्या मुलीला ती म्हणाली, की सर्दीच दिसतेय, एवढ्या गर्दीत कशाला ताटकळायचं, घरीच झोपवते.

भर खोलीत बोलण्याची त्यांना सवय नव्हती. आयुष्यभर ते समासात बोलत आले होते. पण ती दाराशी पोचली तेव्हा ते तिच्या आणि दाराच्या मध्ये उभे होते.

"बाई, जाऊ नका. ते पत्रक चुकलंय. नावांची अदलाबदल झालीये. तुमच्या मुलीला फ्लू असू शकतो."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. मी ते तपासलंय."

"मग चुकलं कसं?"

"बघितलं, वाचलं नाही," काका म्हणाले. बाईने त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने आजवर ते दुसऱ्यांच्या चुकांकडे बघत आले होते. पण ती परत जाऊन बसली. मग काकांनी खोलीभर फिरून प्रत्येकाच्या हातातलं पत्रक मागून घेतलं, प्रत्येकाला तेच सांगितलं. टोपीवाल्या गृहस्थांनी मात्र आपली प्रत सोडायला नकार दिला. त्यांना फ्लूच हवा होता.

डॉक्टरीणबाईंनी बायकोला तपासलं, छाती ऐकली, बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावलं. फ्लूच होता. दुसराच दिवस होता, हे चांगलं झालं. औषध आजच सुरू करू, दम्याचा पंप नियमित घ्या, दम लागला किंवा ओठ निळसर दिसले तर क्षणभरही थांबू नका, असं त्यांनी नीट समजावलं. मग काकांच्या काखेतल्या गठ्ठ्याकडे बघून विचारलं, की हे काय. काकांनी सगळं सांगितलं. बाईंनी तक्ता वाचला आणि कपाळाला हात लावला. त्यांच्याकडे गठ्ठा सकाळीच आला होता आणि त्यांनी तो न वाचताच टेबलावर ठेवायला सांगितला होता. मग त्यांनी काकांचाही घसा बघितला आणि सांगितलं, "तुम्हाला सर्दी आहे. तीही आता उतरलेली."

दुपारी मुलगी आईजवळ येऊन बसली आणि काका छापखान्यात गेले. वाटेत त्यांनी भाषण जुळवलं. संगणकावर मजकूर लावणारी मुलगी हुशार होती पण चंचल; कानात सदा काहीतरी खुपसलेलं. नावं तिनेच फिरवली असणार. बेजबाबदारपणा, लोकांचा जीव, अशी वाक्यं त्यांनी मनात पक्की केली आणि त्यांचं शुद्धलेखनही तपासलं.

संगणकावरच्या मुलीने ते भाषण ऐकून घेतलं, वाद घातला नाही. तिने जुन्या प्रुफांची फाइल आणली आणि नववं प्रूफ काढून पुढे ठेवलं. तोवर तक्त्यात फ्लू आधी होता आणि सर्दी नंतर. त्या दोन नावांना कवेत घेऊन लाल पेनाने एक डौलदार नागमोडी खूण काढलेली होती, जागा बदला अशी, आणि समासात सुबक अक्षरांत लिहिलं होतं: 'शीर्षकात सर्दी आधी आहे, इथेही तोच क्रम हवा.' अक्षर काकांचं होतं. त्या अक्षराचं छापखान्यात कौतुक व्हायचं.

"तुम्ही नावांवरच खूण केली होती, काका," ती हळू आवाजात म्हणाली. "खालचा मजकूर हलवायचा, असं लिहिलं नव्हतं. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

काका खुर्चीत बसले. त्यानंतरही त्यांनी ते पत्रक दोनदा वाचलं होतं. भाषणातलं एकेक वाक्य आता फिरून त्यांच्याच अंगावर येत होतं, आणि शुद्धलेखनाची एक चूक नव्हती.

मालकांच्या खोलीत जाऊन त्यांनी प्रूफ टेबलावर ठेवलं आणि ही चूक आपली आहे असं सांगितलं. मालकांनी मशीन थांबवायला सांगितलं, डॉक्टरांच्या मंडळाला फोन केला आणि बोलणी खाल्ली. फोन ठेवल्यावर ते एवढंच म्हणाले, की तुमची सही बघितली की मी पुढचं बघत नाही. शिवी दिली असती तर काकांना हलकं वाटलं असतं.

सहा दवाखान्यांत गठ्ठे पोचले होते. काकांनी यादी मागून घेतली आणि शनिवारभर स्वतः फिरले. प्रत्येक ठिकाणी तेच सांगायचं: हे मी तपासलंय, हे चूक आहे, परत द्या. तिसऱ्या दवाखान्यात त्यांना ते न अडखळता सांगता आलं. पाचव्यात कंपाउंडर इतका हसला की काकाही हसले. प्रती नेलेल्या लोकांना कळवायची जबाबदारी दवाखान्यांनी घेतली, आणि लाल पट्टीची दुरुस्तीची सूचना भिंतीवर चिकटवली गेली. तिचा मजकूर काकांनी लिहिला आणि संगणकावरच्या मुलीला मोठ्याने वाचायला लावला. तिला अर्थ कळला, तेव्हाच ती छापली.

रविवारी बायकोचा ताप शंभरावर आला. सोमवारी तिने बसून सूप प्यायलं, तेही काकांनी केलेलं. मिठाबद्दल ती काही बोलली नाही, पण नंतर पाणी पुष्कळ प्यायली.

त्याच दिवशी संगणकावरची मुलगी तक्त्याचं नवं प्रूफ घरी देऊन गेली. काका ते घेऊन बसले, पण अक्षरं ओळीत उभी राहीनात. डोळ्यांच्या मागे कोणी खिळा ठोकत होतं. सकाळी दूध गरम करताना पाठीतून एक गार शिरशिरी गेली होती आणि तेव्हापासून गुडघे आपले वाटत नव्हते. त्यांनी स्वेटरवर स्वेटर चढवला आणि गप्प राहिले.

"द्या इकडे, मी वाचते," बायको म्हणाली. पाळणाघरातल्या सवयीने ती एकेक ओळ वाचून म्हणजे काय, असं विचारू लागली. काका उत्तरं देत होते. फ्लूच्या रकान्यात ती 'थंडी वाजणे'पाशी आली आणि थांबली. कागद खाली घेऊन तिने नवऱ्याकडे बघितलं. खुर्चीचा हात त्यांच्या थरथरण्याने वाजत होता.

"केव्हापासून वाजतेय?"

"साडेसातपासून. साधी सर्दी असेल."

"आणि सांगितलं का नाही?"

"मागच्या वेळी फार सांगून झालं होतं," काका म्हणाले.

ती पलंगाचा काठ धरत उठली, त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि डॉक्टरीणबाईंचा नंबर फिरवला. त्या म्हणाल्या, की दोघं एकाच खोलीत झोपा आता, एकमेकांपासून जपण्यासारखं काही उरलेलं नाही. प्रूफ वाचून पुरं झालं ते बायकोकडूनच. रकाने जागेवर होते, नावं जागेवर होती. तिने खाली आपली सही केली आणि ते न्यायला दारात आलेल्या छापखान्यातल्या मुलीच्या हाती दिलं. काकांना ते कळलंही नाही. ते तोंडापर्यंत पांघरूण ओढून भिंतीकडे वळले होते, आणि दोन दिवस त्यांनी ना वही मागितली, ना वाफ, ना लेकीला फोन लावला.